हॉकी संघाचं शास्त्रीय मोजमाप

खेळ कळण्यासाठी खेळावा लागत नाही, मोजता आला की पुरे, असं मी सन चौतीसच्या भाद्रपदात आमच्या ह्यांना ठणकावून सांगितलं. मी बी.एस्सी. झालेली, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणारी, आणि हॉकीची काठी तोवर लांबूनच पाहिलेली. यात मला काहीच अडचण दिसली नाही.

हे सोलापुरातल्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते आणि गिरणीच्या हॉकी संघाचे सेक्रेटरीही. संघ पगारी होता. पोरांनी सकाळी माग चालवायचा आणि दुपारी मैदानावर यायचं. त्या उन्हाळ्यात जुने खेळाडू मुंबईच्या संघांनी पळवले आणि उरली अठरा-एकोणीस वर्षांची अकरा पोरं. मॅनेजरसाहेबांनी ह्यांना विचारलं, "यांच्यात काही दम आहे का? दसऱ्याच्या आत लेखी कळवा. नसेल तर संघ बंद आणि सगळे पूर्ण पाळी मागावर."

ह्यांनी दोन दिवस दौत उघडी ठेवली आणि शाई वाळवली.

"अगं, दम कसा लिहायचा?" हे म्हणाले.

"लिहायचा नाही, मोजायचा. द्या तो कागद इकडे."

शाळेच्या प्रयोगशाळेतलं सेकंद दाखवणारं घड्याळ मी मागून आणलं. शंभर वार मोजायला फीत मात्र कुठेच मिळेना. कप्तान तिप्पण्णा स्वतः उत्तम विणकर. तो म्हणाला, "बाई, फीत कशाला हुडकताय? आमी इनून देतो की."

दोन दिवसांत त्याने शंभर वारांची सुती पट्टी विणून दिली. प्रत्येक वाराला लाल धागा, दर दहा वारांना निळा. मी गिरणीच्या पोलादी गजाने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. केसाइतकाही फरक नव्हता. अशी फीत पुण्याच्या कॉलेजातही नव्हती, असं मी तिप्पण्णाला सांगितलं तेव्हा तो नव्या नवऱ्यासारखा लाजला.

मग रोज दुपारी मी मैदानावर छत्री घेऊन उभी. फीत जमिनीवर अंथरायची आणि पोरं तिच्या कडेने अनवाणी पळायची. मुरमाची धूळ उडू नये म्हणून माळी धोंडीराम आधी मैदानभर पाणी मारायचा. संध्याकाळी ओली फीत कुंपणावर वाळत पडायची.

पहिल्या दिवशी आघाडीला खेळणाऱ्या ईरप्पाने शंभर वारांना बारा सेकंद घेतले. तिसऱ्या दिवशी साडेअकरा. आठव्या दिवशी अकरा. एकटा तोच नव्हे, अकराच्या अकरा पोरं सुधारली, आणि तीही एका प्रमाणात. गोलरक्षक ज्ञानबासुद्धा, जो पळताना पाट्यावर वरवंटा फिरावा तसा हले. माझा ऊर भरून आला. वेगाचा आलेख काढला, तर रेघ अशी वर निघाली की कागद अपुरा पडला. त्या हिशेबाने दिवाळीपर्यंत ईरप्पा आठ सेकंदांच्याही खाली जात होता. मानवी देहाची मर्यादा ध्यानात घेऊन मी साडेनऊवर थांबले.

"संघाचं भवितव्य असामान्य आहे," असं मी अहवालात लिहिलं. मॅनेजरसाहेब इतके खूश झाले की त्यांनी पुण्याच्या एका नावाजलेल्या संघाला लगोलग सामन्याचं आमंत्रण धाडलं. मैदानाच्या चुन्याच्या रेघा धोंडीरामने नव्याने मारल्या. अर्थात माझ्याच फितीने.

सामन्याच्या आदल्या दिवशी पुण्याचे पंच आले. त्यांनी मैदानाच्या एका टोकाला उभं राहून डोळे बारीक केले आणि खिशातून लोखंडी फीत काढली. लांबी भरली ब्याण्णव वार.

"तुमची फीत चुकीची आहे," मी म्हणाले.

पंचांनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे आभाळाकडे पाहत होते.

तिप्पण्णाने हळूच मला बाजूला घेतलं. "बाई, त्यांची न्हाय, आपली. कोरं सूत हाय. रोज पानी पिऊन आखडलंय."

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय की. मला वाटलं, तुमी शिकल्यासवरल्या, तेवढं सोडूनच हिशेब धरत असाल. आन् पोरं लई खूश हुती. म्हनलं, कशाला बोला."

पोलाद उन्हात किती लांबतं हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. झंपराचं कापड भिजवल्याशिवाय शिंप्याकडे देत नाही. आणि सोलापुरात राहून, विणकराच्या हातची कोरी फीत आठ दिवस चिखलात भिजवून मी तिच्यावर एका संघाचं भविष्य सांगितलं होतं.

मी तशीच मॅनेजरसाहेबांकडे गेले. "अहवाल चुकला. पोरं होती तशीच आहेत. दोष माझा आहे, त्यांचा नाही."

ते म्हणाले, "ठीक. आता उद्याच काय ते ठरेल."

रेघा पुन्हा मारल्या, पुऱ्या शंभर वारांवर. पण इतके दिवस जुन्या रेघांत खेळून पोरांचे हात आखूड मैदानाला सरावलेले. मागून मारलेला प्रत्येक लांब फटका पुढच्या गड्याच्या अलीकडेच मरायचा. अर्ध्या वेळेला पुणेकर तीन, आम्ही शून्य. ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तिप्पण्णाने पोरांना जवळ बोलावलं. "मैदान आट वार वाढलंय, तर आट वार जास्त पळायचं. त्यात काय?"

आणि पोरं पळाली. ईरप्पा डाव्या बाजूने असा सुटला की पुण्याचे दोन गडी एकमेकांवर आदळले. एक गोल, मग दुसरा. शेवटच्या मिनिटाला त्याचा चेंडू खांबाला थडकून परत आला, आणि आम्ही तीन-दोनने हरलो.

दुसऱ्या दिवशी हे गिरणीतून घरी आले ते पायरीवरूनच बोलत. "पुण्याच्या कप्तानाने ईरप्पाला आपल्या संघात मागितलं. साहेब भडकले. म्हणाले, आमच्या संघातला एकही पोरगा मिळणार नाही. संघ राहिला, बरं का. एक अट आहे फक्त."

"कोणती?"

"यापुढे कुणी काही मोजायचं नाही."

मी अट मान्य केली. ईरप्पा त्या पहिल्या गोलाकडे पळाला तेव्हा घड्याळ माझ्या हातातच होतं आणि मी ते दाबायला विसरून खुर्चीवर उभी राहिले होते, हे मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.