वजनदार दीर्घिका

मुलगा ताऱ्यांचं काहीतरी बघतो, एवढंच मध्यस्थानं सांगितलं होतं. त्यामुळे सांगलीचे हळदीचे व्यापारी नेमिनाथ, जावई ज्योतिषी मिळतोय असं धरून चालले. एकोणऐंशी सालच्या त्या रविवारी जयपाल मुलगी बघायला आला, तेव्हा त्यांनी गुणमालेची पत्रिकाच त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटीसुलटी केली आणि खाली ठेवली.

"का? काय खोट हाय?" नेमिनाथांनी घाईनं विचारलं.

"मला यातलं कळत नाही. मी दीर्घिका बघतो."

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा पसारा. त्यात कुठली मूलद्रव्यं किती, हे जयपाल बंगलोरला शोधत असे. पण नेमिनाथांनी पद्मिनी, हस्तिनी असं कायबाय ऐकलेलं. बायकांची ही आणखी एक जात असावी. गुणमाला अंगानं चांगली भरलेली. त्यांनी भीतभीतच विचारलं, "मग आपली कशी हाय?"

चौकशी आपल्या आकाशगंगेची आहे असं वाटून जयपालची कळी खुलली. "आपली ना? चांगली वजनदार आहे!"

नेमिनाथांचा चेहरा उतरला.

"आणि वजन जास्त, तितका धातू जास्त. हलकीच्या अंगी तो टिकत नाही, बाहेर उडून जातो. हे आत्ताच लक्षात आलंय."

आता नेमिनाथांच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगा सोनं मागत होता, आणि तेही मुलीच्या वजनावर! "किती धातू म्हंता?"

"तिनं आजवर किती तारे जन्माला घातले, त्यावर आहे."

"आवं, आधी लग्न तर होऊ द्या!"

आता गोंधळायची पाळी जयपालची होती. "लग्नाचा इथं काय संबंध?"

"लय झालं!" नेमिनाथ उठून उभे राहिले. "सोनं किती पायजे, सरळ बोला."

"सोनं? ते अगदीच नगण्य. मी प्राणवायू मोजतो. आमच्यात त्यालाही धातूच म्हणतात."

नेमिनाथ मटकन खाली बसले. त्यांनी उघड्या खिडकीकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "तेवढा देतो. पायजे तितका न्या."

पोह्यांच्या बशा घेऊन गुणमाला बाहेर आली. तिनं सगळं दाराआडून ऐकलं होतं आणि तिला ओ की ठो कळलं नव्हतं. बशी पुढं करत तिनंच विचारलं, "मी पसंत हाय का न्हाई, तेवढं सांगा."

कानापर्यंत लाल होत जयपालनं कशीबशी होकाराची मान हलवली. गुणमाला हसली आणि आत पळाली.

नेमिनाथ खुशीत स्वयंपाकघरात गेले. "जमलं! पोराला सोनंनाणं काय नको. नुसता प्राणवायू पायजे."

त्यांच्या बायकोच्या, चंदनबालाबाईंच्या हातातला झारा खाली पडला. "आवं, म्हंजे दम्याचा हाय का काय? हो म्हणायच्या आधी डॉक्टरला तरी दावायचा!"