अनुसयाकाकूंची दोन तिकिटं

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, अक्षर वेडंवाकडं आलं, तर आधीच माफी मागते. दिवसभर मशीनवर साड्यांना फॉल लावते, संध्याकाळी हात वळत नाही. पण अनुसयाकाकूंवर लिहायला दुसरं कोणी बसणार नाही, म्हणून मी बसले.

काकू आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहतात. मूळच्या कडेगावकडच्या. नवरा मिलिटरीत होता, तो वारल्यावर त्याच्या पेन्शनवर सांगलीत राहिल्या. मी इथं आल्यापासून या शहरात जेवढी गाणी, व्याख्यानं, प्रदर्शनं झाली, त्यातलं एकही काकूंनी चुकवलेलं नाही, आणि एकाचंही तिकीट काढलेलं नाही.

सकाळी दूध आणायला जातात त्या देवळावरून आणि वाचनालयावरून वळसा घालून येतात. तिथल्या फळ्यांवरच्या सूचना वाचतात. ‘प्रवेश विनामूल्य’ दिसलं की परत येताना माझ्या खिडकीवर टकटक करतात.

“आज पाचला आवरून बस. पंख्याखाली जागा धरायची हाय.”

“कशाचा कार्यक्रम आहे काकू?”

“ते तितं गेल्यावर कळतंय की.”

मी आटपाडीकडची. सांगली मला अजून फार मोठी वाटते. चार माणसांत गेलं की मी भिंतीला धरून उभी राहते. मी म्हणायची, काकू, मला त्यातलं काही कळत नाही. त्यावर त्यांचं एकच उत्तर असायचं, “डोळं हायत की तुला.” डोळे आहेत हे काही नाकारता येत नाही, म्हणून मी पदर सारखा करून मागे मागे जायची.

काकूंच्या पिशवीत पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाण्याचा डबा आणि स्वेटर असतो. स्वेटर उन्हाळ्यातसुद्धा, कारण एकदा एसीच्या हॉलमध्ये त्या हुडहुडत बसल्या, पण उठल्या नाहीत. कुठं तिकीट असलं तर दारातल्या माणसाची त्यांना कीव येते. “तिकीट लावलंय व्हय? मग माणसं कशी येणार तुमच्याकडं?” असं मनापासून विचारतात. तो माणूस बिचारा ओशाळतो.

त्यांची मतंही वेगळी. मोठा गवई गाऊन गेला तर म्हणाल्या, “गाणारा बरा हुता. पण तंबोऱ्यावाली पोरगी लय गुणाची. एकदा हालली न्हाई.” चित्रांच्या प्रदर्शनात एका चित्रापुढं उभ्या राहिल्या. त्यात काय होतं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. काकू चित्रकाराला म्हणाल्या, “रंग लय घातलाईसा. हात आखडला न्हाई.” तो इतका खूश झाला की त्यानं आम्हा दोघींना चहा पाजला.

कार्यक्रम नसेल त्या दिवशी आयर्विन पुलावर सूर्य मावळताना बघायला जातात. त्यातही पसंती-नापसंती असते. “आज बरा बुडला. काल ढगानं घाण केली हुती.”

काकूंचा मुलगा प्रकाश कराडला असतो. एका कारखान्यात साहेब आहे. महिन्याकाठी गाडीनं येतो, उभ्या उभ्या चहा पितो, आईच्या हातात फळांची पिशवी देतो आणि जातो. माणूस वाईट नाही, त्याला वेळ नसतो. काकूंची इच्छा मात्र एवढीच की त्यानं एक संध्याकाळ आपल्यासोबत सांगली बघावी. मला दर आठवड्याला सांगायच्या, “एकडाव पकाला सगळं दावणार हाय. आईला काय काय म्हाईत हाय ते बघू दे की त्याला.”

अशात ती दिव्याची गोष्ट झाली. एका प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. आम्ही नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. समईत पाच वाती, आणि लावायला पाच पाहुणे बोलावलेले. पाचवे पाहुणे काही आलेच नाहीत. चौघांनी चार वाती लावल्या आणि मेणबत्ती हातात धरून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. काकू पहिल्या रांगेतून उठल्या, मेणबत्ती घेतली आणि पाचवी वात लावून नमस्कार केला. लोकांना वाटलं, कुणाच्या तरी मातोश्री असतील. टाळ्या पडल्या. मी खुर्चीखाली जायचीच बाकी होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, आणि तो कराडला प्रकाशच्या ऑफिसात पोचला. प्रकाश त्याच रविवारी आला.

“आई, तू तिथं कशी?”

“एक वात ऱ्हायली हुती रं. इझलेली वात बरी दिसती का?”

“साहेब विचारतात, तुमच्या आई समाजकार्य करतात का म्हणून. काय सांगू त्यांना? फुकटचं दिसलं की जाऊन बसते म्हणून?”

काकूंनी त्याच्यापुढं चहा ठेवला. मग म्हणाल्या, “एकदा ये की माझ्यासंगं. मग बोल.”

“फुकटात मी येणार नाही. ओळखीचं कोणी बघितलं म्हणजे?”

“आन् तिकीट काढलं तर?”

प्रकाश हसला. “तू तिकीट काढ, मी येतो.”

तो चेष्टेनं बोलला होता. काकूंनी धरून ठेवलं. महिनाअखेर होती, पेन्शन यायची होती. त्या माझ्याकडे आल्या, दाराशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि दोन तिकिटांचे पैसे उसने मागितले. नाट्यगृहावर जाऊन नाटकाची तिकिटं काढून आणली. ती डब्यात ठेवली, पुन्हा काढली, मला दाखवली. प्रकाशला फोन करून तारीख, वेळ, खुर्चीचा नंबर, सगळं सांगितलं. तो ‘येतो’ म्हणाला.

त्या दिवशी दुपारपासून काकू इरकल नेसून बसल्या होत्या. पाचच्या सुमाराला फोन आला. भिंतीपलीकडून मला एवढंच ऐकू आलं, “बरं बरं. काम हाय तर काम बघ. न्हाई रं, मला कशाला वाईट वाटतंय.”

मग खिडकीवर टकटक झाली. “चल. हाय तसं चल.”

नंबरच्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसले. नाटक चांगलं असावं, लोक हसत होते. काकू एरवी सगळ्यांच्या आधी हसतात, पण त्या दिवशी मागे राहत होत्या. उशिरा येणारा कोणी दार उघडायचा, बॅटरीचा उजेड पडायचा आणि काकू मान वळवायच्या. मीही दर वेळी उठायच्या बेतात असायची, कारण जागा प्रकाशची होती.

परत येताना मी विचारलं, “कसं वाटलं काकू?”

थोडं चालल्यावर म्हणाल्या, “फुकटचं बरं असतंय गं. त्यात कोण आलं न्हाई तर जागा मोकळी ऱ्हायल्यागत वाटत न्हाई.”

पेन्शन झाल्यावर त्या पैसे घेऊन आल्या. मी एका तिकिटाचेच घेतले. नाटक मीही बघितलं होतं. काकू ऐकेनात. दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. मी मशीनवरून मान वर केली नाही. चौथ्या दिवशी माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “तू माझी पाव्हणी म्हणून आलतीस. पाव्हण्याकडनं कोण पैसं घेतंय का?”

मी हात पुढं केला. त्यांनी नोटा ठेवून माझी मूठ मिटली. सगळे पैसे फिटले.