बातमीला पाय असतात

उमसुनाय आपानं सकाळी सकाळी गाढवीवर खोगीर चढवलं, तेव्हाच शेजारणीनं ओळखलं की कुणाच्या तरी घरी आनंदाची बातमी आहे आणि त्या घरच्यांना अजून तिचा पत्ता नाही.

आमच्या कोकजार गावात अशी बातमी पहिल्यांदा नेणाऱ्याचा मान असतो. दारात उभं राहून "सुयुन्चू!" म्हणून ओरडायचं, घरच्यानं "माग काय हवं ते" म्हणायचं, मगच बातमी सांगायची. आपा तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. गावातली प्रत्येक सोयरीक, प्रत्येक बाळंतपण आधी तिच्या कानावरून जायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे खरं, पण कान काही घरी ठेवून नोकरीला जाता येत नाही. सुयुन्चूत मिळालेल्या, डोक्याला बांधायच्या फुलाफुलांच्या रुमालांनी तिची पेटी गच्च भरली होती.

आणि मग बाजारात नानवालीच्या भट्टीवरच्या माडीत एफएम आलं. बेगायीम नावाची पोरगी रोज सकाळी आठ वाजता गाण्यांच्या मध्ये गावाच्या आनंदाच्या बातम्या सांगायला लागली. आपा दारात पोचेपर्यंत घरचे आनंदाचे बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळत बसलेले! सहा महिन्यांत आपाला एकच रुमाल मिळाला, तोही तोक्तोसूनकडून, कारण तो ठार बहिरा.

एकदा माडी चढून तिनं बेगायीमला सुनावलंही होतं. "पोरी, बातमीला पाय असतात. ती चालतच घरी गेली पाहिजे."

"आता तिला पंख फुटलेत, आपा. तुम्हीच या ना माझ्या कार्यक्रमात! तुमच्या आवडीचं गाणं लावते."

"मला गाणं नको. माझा मान हवाय!"

त्याच दिवशी आपानं घरातला रेडिओ खुराड्यात नेऊन ठेवला. कोंबड्या जास्त अंडी घालायला लागल्या, पण ही एक आनंदाची बातमी आपानं कुणालाही सांगितली नाही.

न सांगितलेली आणखी एक गोष्ट होती. बिश्केकला दिलेल्या तिच्या लेकीला, आयपेरीला, लग्नानंतर अकरा वर्षांनी आठवा महिना लागला होता. दृष्ट लागू नये म्हणून आपानं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. त्यामुळे गावात ते सगळ्यांना माहीत होतं.

तर आजची बातमी अशी, की सबिरबेक नालबंदाची नऊ दिवस हरवलेली गाभण घोडी आपाला पाण्याला जाताना गिरणीमागं चरताना दिसली. तिनंच पाहिली, दुसऱ्या कुणी नाही. आज रेडिओच्या आधी पोचायचं म्हणजे पोचायचंच! या घाईत फोन खिडकीतच राहिला.

आठ वाजता जावई उलाननं बिश्केकहून त्या फोनवर पाचदा घंटी दिली. शेवटी त्यानं रेडिओचा नंबर फिरवला.

"बेगायीम, आपाला सांग, मुलगी झाली! महिनाभर आधीच आली, पण दोघी छान आहेत!" एवढं बोलून गडी रडायलाच लागला.

"अहो थांबा, थांबा! सगळं गाव ऐकतंय!"

सगळं गाव ऐकत होतंच. सुयुन्चूच्या बाबतीत उमसुनाय आपाकडून वसुली करायची अशी संधी जन्मात पहिल्यांदा आली होती. नानवालीनं भट्टी तशीच सोडली.

"आपा! सुयुन्चू! सुयुन्चू!"

आपानं मागं वळून पाहिलं. फुटली घोडीची बातमी! "मी पाहिली आधी!" ती ओरडली. "माझी आहे ती!"

"तुमचीच आहे, आपा, कोण नाही म्हणतंय! मुलगी झाली!"

"काय, व्यायली पण?" आपाचे डोळे चमकले. "मग सबिरबेककडून दोन रुमाल!"

तिनं गाढवीला टाच मारली. मागं नानवाली, तिच्यामागं हातात सुरी तशीच धरलेला खाटीक, त्याच्यामागं टॅक्सीवाला, टॅक्सी सोडून पळत.

"दोघी छान आहेत, आपा!" टॅक्सीवाला धापा टाकत ओरडला.

"मला सांगतोस? आत्ता पाहून आले. चरत होती!"

टॅक्सीवाला जागीच थांबला.

सबिरबेकच्या फाटकाशी आपा गाढवीवरून उतरली नाही, पडली. उठून तिनं रुमाल नीट केला आणि छाती भरून ओरडली, "सुयुन्चू!" त्याच क्षणी फाटक उघडून सबिरबेक ओरडला, "सुयुन्चू!"

"आधी मी! तुझी घोडी सापडली, गिरणीमागं आहे!"

"घोडी जाऊ दे खड्ड्यात! उमसुनाय, तुझी आयपेरी बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत."

आपा मटकन खाली बसली. मग गाढवीच्या पायाला धरून ती अशी रडली, की पळत आलेल्या माणसांनाही आपण कशाला आलो ते क्षणभर आठवेना.

नानवालीला मात्र लगेच आठवलं. "आधी मी सांगितलं!"

"तू मुलगी म्हणालीस, कुणाची ते नाही!" खाटीक म्हणाला.

"गप्प बसा," आपा डोळे पुसत म्हणाली. "चला घरी. माझ्या दारातून कुणी रिकाम्या हातानं जायचं नाही."

दुपारपर्यंत पेटी रिकामी झाली. खाटकाला त्याच्याच आईनं दिलेला रुमाल परत मिळाला. सर्वांत चांगला, रेशमी रुमाल आपानं बेगायीमच्या अंगावर फेकला. "घे. गावभर सांगितलंस, फक्त मला सोडून!"

सगळे चहाला बसले, तेवढ्यात वरातीमागून घोडं यावं तसा तोक्तोसून काठी टेकत दारात आला. बायकोनं त्याला कागदावर लिहून दिलं होतं आणि तो आख्खं गाव चालत आला होता.

"सुयुन्चू, आपा!" त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. "मीच पहिला ना?"

कुणीतरी हसणार होतं. आपानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं हसू चहाबरोबर गिळलं.

"माग काय हवं ते!" ती तोक्तोसूनच्या कानाशी ओरडली. "बातमी काय?"

"तुझ्या आयपेरीला मुलगी झाली!"

"काय सांगतोस!" आपानं दोन्ही हात गालांवर ठेवले. तिच्या डोळ्यांत पुन्हा खरंच पाणी आलं. तिनं रिकाम्या पेटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल सोडला आणि तोक्तोसूनच्या गळ्यात बांधला.