मधूनच थांबणारी मोटर

"मी बघतो," असं मी म्हणालो, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

झालं होतं इतकंच, की बायको मशीनपलीकडून ओरडली, "अहो, मशीन परत थांबलं! ड्राइव्हवालीला बोलावू का?" याला 'बोलाव' असं एका शब्दाचं उत्तर होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर माणसाला तेवढं सुचायला हवं. पण मी म्हणालो, "ती कशाला? मी बघतो."

आमचं घर म्हणजे वर दोन खोल्या आणि खाली बायकोची धुलाई. एका दवाखान्याच्या चादरी आमच्याकडे येतात. त्या धुणारा माणसाएवढ्या उंचीचा ड्रम एका मोटरवर फिरतो, आणि त्या मोटरला कधी हळू, कधी जोरात पळायला लावणारी राखाडी पेटी भिंतीवर आहे. तिला ड्राइव्ह म्हणतात, आणि ती दुरुस्त करणारी ती ड्राइव्हवाली. गेले काही आठवडे हा ड्रम मधूनच थांबत होता. कधी दिवसातून चारदा, कधी दोन-दोन दिवस एकदाही नाही. हिरवं बटण दाबलं की बिचारा पुन्हा फिरायला लागायचा.

आता मी कोण, तर एका कारखान्याच्या स्टोअरमधला कारकून. बावीस वर्षं मी मोटरी आणि ड्राइव्ह रजिस्टरात चढवले. (एकही उघडून पाहिला नाही. पण एखाद्या वस्तूचा नंबर पाठ झाला की ती वस्तूच आपल्याला कळते, असा कारकुनांचा समज असतो.) चार महिन्यांपूर्वी कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हापासून मी घरी. वर एकट्याला भिंती खायला उठायच्या, म्हणून सकाळी पेपर घेऊन खाली यायचो आणि ड्रमशेजारच्या स्टुलावर बसायचो. बायको चादरी भरायची, सासूबाई घड्या घालायच्या, मी नोकरीच्या जाहिराती वाचायचो. तिघांत कामाचं कोण नव्हतं, हे काही लपून राहण्यासारखं नव्हतं.

तर मी बघायला लागलो. एक वही केली. तारीख, वेळ, शेरा. ड्रम थांबला की मी दचकून उठायचो आणि पेटीवरची अक्षरं वाचायचो. दरवेळी एकच शब्द. माहितीपुस्तकात शोधला, तर त्याचा अर्थ निघाला 'तयार'.

"अगं, हा बंद पडतो आणि वर म्हणतो, मी तयार आहे!"

"तुम्हीपण चार महिने तेच म्हणताय," बायको म्हणाली. मग तिने जीभ चावली आणि चादरी उगाचच पुन्हा मोजल्या.

पहिला संशय मी व्होल्टेजवर घेतला. घरातली इस्त्री, फ्रिज, पंखे, सगळं बंद करवलं. दूध नासलं, सासूबाई घामाने भिजल्या, आणि ड्रम अकरा वाजून दहा मिनिटांनी थांबला. दुसरा संशय उष्णतेवर. पेटीसमोर टेबलफॅन लावला. त्याने खोलीभरचा कापसाचा भुगा उडवून बरोबर पेटीच्या जाळीत नेऊन बसवला. तो मी तीन तास बसून दात घासायच्या ब्रशने काढला. (ब्रश बायकोचा होता. हे ती वाचेल तेव्हा वाचेल.) तिसरा संशय वजनावर. "अर्ध्याच चादरी भर," मी फर्मान काढलं. त्यामुळे एका फेरीच्या जागी दोन फेऱ्या झाल्या आणि ड्रम दुप्पट वेळा थांबायला मोकळा झाला.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "जावईबापू, काय सापडलं?"

"ओव्हरलोड असावा, आई."

"ओवरकोट? मग या उकाड्यात काढून ठेवा की!"

शुक्रवारी दवाखान्याचा मुकादम दारात उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "वहिनी, काल सहा पेशंटना चादर मिळाली नाही. मला वरून बोलणी बसतात. सोमवारी पुरा गठ्ठा आला नाही, तर मला दुसरीकडे द्यावं लागेल." बायको "हो" म्हणाली. तिच्या हातांची कातडी साबणाने सोलवटली होती, ते हात तिने पदराखाली घेतले. तो गेल्यावर ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पुढच्या चादरी भरायला लागली. घरात कमावतं असं ते एकच मशीन उरलं होतं, आणि ते मी बघत होतो.

शनिवारी सकाळी ड्राइव्हवाली आली. मला न विचारता बोलावलं होतं. तिशीची मुलगी, कमरेला पिशवी, कानामागे टेस्टर. तिने पेटीच्या पडद्यावर मागच्या बिघाडांची यादी चाळली.

"काका, यात एकही बिघाड नोंदलेला नाही. हा बिघडून थांबत नाहीये. याला कुणीतरी थांब म्हणतंय, म्हणून थांबतोय."

"या घरात सांगितलेलं ऐकणारा एवढाच निघाला," बायको म्हणाली.

मी माझी वही पुढे केली. तीन आठवडे, एक्केचाळीस नोंदी. तिने मन लावून वाचली. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी माझं अक्षर कुणी वाचत होतं.

"मंगळवारी एकदाही थांबलेला नाही. मंगळवारी काय असतं?"

"मंगळवारी हे मुलाखतींना जातात," बायको म्हणाली.

मुलीने वही मिटली आणि मला स्टुलावर बसायला सांगितलं. "रोज बसता तसे बसा. रोज करता ते करा."

मी बसलो. पेपर उघडला. ड्रम मजेत फिरत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी शेवटची जाहिरात वाचली (वयाची अट पस्तीस), पेपर मिटला, आणि ड्रम थांबला.

"आत्ता काय केलंत?"

"काही नाही."

"काहीतरी केलंत, काका."

"सुस्कारा टाकला फक्त."

"परत टाका."

तिने हिरवं बटण दाबलं, मी सुस्कारा टाकला. ड्रम आपला फिरत राहिला. फर्माइशीवर टाकलेला सुस्कारा आतून येत नाही, नुसती हवा बाहेर पडते. शेवटी बायको हळूच म्हणाली, "ती वयाची अट परत वाचा."

वाचली. छाती भरून आली, मान मागे गेली, पाठ भिंतीला टेकली. ड्रम थांबला.

भिंतीवरून, माझ्या पाठीच्या बरोबर मागून, लाल बटणाची वायर पेटीत जात होती. पेटीतला तिचा स्क्रू सैल होता. मी मनापासून मागे रेललो की वायर ओढली जायची, क्षणभर सुटायची, आणि ड्राइव्हला वाटायचं कुणी थांबायचं बटण दाबलं. मी दचकून उठलो की वायर पुन्हा जागेवर! तीन आठवडे मी जो बिघाड पकडायला टपून बसलो होतो, त्याला मी टेकून बसलो होतो.

मुलीने स्क्रू आवळला, वायर वरून फिरवून घेतली. चार मिनिटांचं काम. जाताना म्हणाली, "नोंदी मात्र छान ठेवल्यात, काका. त्यांच्याशिवाय कळलं नसतं."

ती गेल्यावर मी बायकोला विचारलं, "तुला मंगळवारचं कधी लक्षात आलं?"

तिने ड्रममध्ये चादरी कोंबल्या. "दुसऱ्या आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही घरी बसलात म्हणून सगळं थांबतंय, असं?" ती दार लावत म्हणाली. "ते तुम्हाला आधीच वाटत होतं."

मी स्टूल उचलून बाजूला ठेवलं आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. सोमवारी दुपारपर्यंत आम्ही तिघांनी अख्खा गठ्ठा धुतला, वाळवला, घड्या घातल्या. मुकादम घेऊन गेला. चादरीचं टोक धरायला वयाची अट नसते, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

मंगळवारी मी मुलाखतीला निघालो. इस्त्रीचा शर्ट घातला, दाराबाहेर पाय ठेवला, आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली. ड्रम थांबला, पिठाची चक्की थांबली, समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. सासूबाईंनी रविवारी सगळी हकिगत गल्लीभर सांगितल्याचं मला तेव्हाच समजलं, कारण शिंप्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हात जोडून म्हणाला,

"भाऊसाहेब, एवढा मोठा सुस्कारा नका हो टाकू. मिळेल नोकरी!"