बावतीसकाकांचं पुराव्याचं पडवळ

बावतीसकाका वसईच्या पारनाक्याला एस.टी.तून उतरले, की आधी त्यांच्या पिशवीतून बाहेर आलेलं पडवळ दिसायचं आणि मग काका. भुईगावच्या त्यांच्या वाडीतलं, हातभर लांब, चांगलं जाड. बाजारातली एखादी बाई हटकून विचारायची, "कसं दिलं पडवळ?" काका न थांबता सांगायचे, "विकायचं नाय. पुरावा आहे."

वसईत त्या काळी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, कुणाला नवीन धर्तीचं ऑपरेशन सांगितलं की लोक डॉक्टरांच्या पाठोपाठ बावतीसकाकांना गाठत. उपचार नवे निघाले होते आणि खर्च परत देणाऱ्या ऑफिसांचे नियम जुने होते. काकांनी उभी नोकरी मुंबईच्या एका कंपनीत मेडिकलची बिलं तपासण्यात घालवली होती. कुठल्या बिलावर कुठली शंका निघेल हे त्यांना तोंडपाठ होतं, कारण त्यातल्या निम्म्या त्यांनी स्वतःच काढल्या होत्या. रिटायर झाल्यावर ते गुपचूप दुसऱ्या पार्टीत आले.

पाचूबंदरच्या एका म्हाताऱ्या कोळणीच्या डोळ्यात भिंग बसवलं, तेव्हा तिच्या मुलाच्या ऑफिसने कळवलं की भिंग म्हणजे चष्माच, आणि चष्मा नियमात बसत नाही. काका तिला घेऊन थेट साहेबापुढे उभे राहिले. "साहेब, चष्मा रात्री काढून ठेवतात. हिचं भिंग काढून दाखवा, आम्ही घरी जातो." म्हातारीने घाबरून डोळ्यावर हात धरला. "बावतीसभाव, डोळ्याचं पानी आत्ता कुठं थांबलंय, आनि हे परत मागतात काय रे?" भिंग मंजूर झालं.

आमच्याकडे ते आले ते दादांसाठी. माझे वडील, दादा, एका महामंडळातून निवृत्त झाले होते. त्यांच्या हृदयाची वाहिनी फुग्याने उघडून आत जाळीची बारीक नळी बसवली होती, स्टेंट. तेव्हा ही गोष्ट इतकी नवी होती की आमच्या जिन्यात लोक तिला 'स्प्रिंग' म्हणत. महामंडळाने फुग्याचा खर्च मान्य केला आणि नळीचा नाकारला. नळी हे औषध नाही, म्हणून औषधांत धरता येत नाही. अवयव नाही, म्हणून कृत्रिम अवयवांतही नाही. दादांनी ते पत्र वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. जन्मभर कुणाचं देणं न ठेवलेला माणूस. आपल्या जगण्याने घर कर्जात घातलं, हे त्यांच्या मनाने घेतलं. जेवण कमी झालं, बोलणं तर बंदच.

पत्र पाहून काका दादांना म्हणाले, "नकार नाय हा, सावंतसाहेब. शंका आहे. शंका आहे म्हणजे दार उघडं आहे."

महामंडळाच्या मुंबईच्या ऑफिसात मीही गेले होते. काकांनी साहेबांच्या टेबलावर रुमाल पसरला, पिशवीतलं पडवळ काढलं आणि दोन्ही टोकं कापून आतला गर काढला. पोकळीत कणकेचा गोळा भरला. "ही सावंतांची वाहिनी. हा गोळा म्हणजे साठलेली चरबी." मग एक लांबट फुगा आत सारून ते गाल फुगवून फुंकू लागले. शेजारच्या टेबलावरच्या बाई हातातला डबा तसाच धरून बघत राहिल्या. कणीक बाजूला सरली. फुगा काढल्यावर ती हळूहळू पुन्हा आत आली. तेव्हा काकांनी विजेरीतली स्प्रिंग आत बसवली आणि पडवळ साहेबांच्या डोळ्यासमोर दुर्बिणीसारखं धरलं.

"दिसतंय पलीकडचं? साहेब, तुम्ही दार उघडायला पैसे देता. मग ते उघडं ठेवायला का नाय?"

साहेब बराच वेळ त्या भोकातून बघत होते. मला हसू येत होतं आणि रडूही.

तरी शंका येतच राहिल्या. महामंडळाची पत्रं यायची आणि दर गुरुवारी संध्याकाळी काका यायचे. नवं पडवळ पिशवीत असायचंच. न जाणो, उद्या पुन्हा बोलावतील. आई भाजीसाठी मागायची आणि काका पिशवी जवळ ओढायचे. "वहिनी, केस चालू आहे." दादा आधी पडून ऐकायचे, मग उठून बसून, आणि पुढे पुढे तर वाद घालायला लागले. कामाचं बोलणं आटोपलं की माशांचे भाव, भुईगावच्या विहिरींचं मचूळ होत चाललेलं पाणी, रविवारच्या मिस्सात लांबलेलं फादरांचं प्रवचन. चहा दोनदा व्हायचा.

शेवटी मंजुरी आली. मी पेढे घेऊन भुईगावला गेले. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी पत्र वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"शंका काय नाय?"

"नाही काका. सगळं पास."

"एकपण नाय?"

पेढा त्यांनी हातातच ठेवला. कुंपणापलीकडून त्यांची भावजय मला म्हणाली, "तुमचंपण झालं काय? आता दोन दिवस हा धड जेवायचा नाय. काम झालं की लोक यायचे थांबतात ना." काकांनी लग्न केलं नव्हतं. आत टेबलावर एक ताट पालथं घातलेलं होतं आणि एकच पेला. इतके दिवस आम्ही म्हणत होतो, काका आमच्यासाठी किती खेपा घालतात. मला फार वाईट वाटलं.

त्या गुरुवारी दादा धुतलेला सदरा घालून बसले. काका आले नाहीत. आईने केलेला चहा गार झाला.

"उद्या भुईगावला जा," दादा मला म्हणाले. "म्हणावं, सावंतांना एक शंका आहे."

"कसली?"

"ते येऊ तर देत. तोवर सुचेल."

मी निरोप दिला आणि काका दुसऱ्याच दिवशी आले, पिशवीतून पडवळ बाहेर काढूनच. बसायच्या आधी विचारलं, "काय शंका?"

दादांनी घसा खाकरला. "ती स्प्रिंग आतमध्ये गंजणार तर नाही ना?"

काकांनी दादांकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले आणि चांगला तासभर समजावत राहिले. दादा मध्ये मध्ये मुद्दाम अडवत होते.

दिवेलागण झाली तसे काका उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि पडवळ आईपुढे धरलं.

"वहिनी, हे चिरा आज."

"अहो, आणि पुरावा?"

"आता कशाला लागतो?" काका म्हणाले.

आईने हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. दादांनी आपल्या शेजारी काकांचं पान मांडायला लावलं आणि जेवताना म्हणाले, "बावतीस, पुढच्या गुरुवारसाठी आणखी एक शंका आहे माझी."

"असू दे," काका म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा भाजी वाढून घेतली.