ओहोटीच्या तीन तास आधी

मंडळी, नियोजन करावं तर मी! आमच्या घरी पहिला बल्ब उडायच्या आधी दुसरा कपाटात तयार असतो. पाहुणे उठायच्या आधी त्यांच्या चपला दाराकडे तोंड करून लावलेल्या असतात. त्यामुळे ऑफिसात नियोजन विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा ती माझ्याच मापाची आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शंका साहेबांना होती. कारण दुसरा उमेदवार होता टाचणी.

टाचणी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा इसम. अंगानं बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून हे नाव. वेळेवर आल्याचा आरोप त्याच्यावर आजवर कोणी केलेला नाही!

साहेबांना चालण्याचं वेड. एकदा म्हणाले, "त्या समुद्रकाठच्या उद्यानात म्हणे मोठी गोल फेरी आहे. भल्याभल्यांचा घाम काढते. या रविवारी जाऊ. आखणी तुम्ही करा. टाचणीलाही घ्या. खुर्चीचं तिथेच ठरवून टाकू."

मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि दोन दिवस घरादाराला मांडीवर ताट घेऊन जेवायला लावलं. फेरी अशी: फाटकातून डोंगर चढायचा, रानातून पलीकडच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि काठाकाठानं परत फाटकाशी. मेख एकच. वाटेतले खडक फक्त पूर्ण ओहोटीलाच ओलांडता येतात. ओहोटी बाराला. फाटक ते खडक तीन तास. म्हणजे नऊला निघायचं. शेंबडं पोरही सांगेल!

पण शेंबड्या पोराला आमचे साहेब माहीत नाहीत. ते कुठेही तासभर उशिरा येतात. म्हणून मी त्यांना सांगितलं, "आठला."

साहेबांच्या मते आम्ही सगळे तासभर उशिरा येतो. म्हणून त्यांनी आम्हाला उलट निरोप धाडला, "सातला!"

फेरीला बायकोही येणार होती. तिच्या मते मी तासभर उशीर करतो. साफ खोटं! फार तर पाऊण. तिनं गुपचूप घरातलं घड्याळ तासभर पुढे केलं आणि माझा मोबाइल उशीखाली दडवला.

झालं! आम्ही दोघं सहाला फाटकाशी हजर. आणि समोर कोण? साहेब!

"मुद्दाम लवकर आलो," ते म्हणाले. "म्हटलं बघू, वेळ कोण पाळतं. शाब्बास! टाचणी कुठाय?"

"अजून नाही आला, साहेब," मी दुःखी चेहरा करून म्हणालो. मनात लाडू फुटत होते.

"उशीर करणाऱ्यासाठी मी थांबत नाही. चला!"

आणि लाडू घशात अडकला. आत्ता निघालो तर नऊला खडकांपाशी. तिथे तेव्हा पाणीच पाणी! पण सांगणार काय? साहेब, तुम्ही उशिरा येता म्हणून तुम्हाला खोटी वेळ दिली होती? खुर्ची गेलीच असती, टेबलही गेलं असतं!

मग मी वेळ काढायला लागलो. दर वळणावर बुटाची नाडी बांधली. एका झाडाचं नाव काय, याच्यावर व्याख्यान दिलं. मला ते नाव माहीत नव्हतं, पण त्यानं काही अडलं नाही.

"अहो, किती वेळा बांधता ती नाडी? लहान मूल आहात का?" बायको म्हणाली.

"तू गप्प बस गं!"

साहेब मात्र बैल उधळावा तसे सुटलेले. तीन तासांची वाट त्यांनी अडीच तासांत संपवली! खाली उतरलो तर खडकांच्या जागी नुसता फेस.

"वाट कुठाय?" साहेब.

"आहे साहेब. पाण्याखाली आहे."

"हे तुमचं नियोजन?"

"उतरतंय पाणी, साहेब! आता घोट्याएवढंच असेल. हे बघा!" असं म्हणून मी पाऊल टाकलं. कमरेपर्यंत गेलो. एक बूट समुद्रानं काढून नेला. इतकी पक्की बांधलेली नाडी! मी कसाबसा एका खडकावर चढलो. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये मी.

"तिथेच बसा!" बायको ओरडली. "कुठे जाऊ नका!"

जाणार कुठे होतो? तीन तासांहून जास्त बसलो. काठावर साहेबांनी बायकोनं आणलेली सगळी सँडविचेस संपवली, वर माझी बिस्किटंसुद्धा. सबंध वेळ माझ्याकडे बघत होते.

बाराला खडक उघडे पडले. तेवढ्यात रानातून शीळ ऐकू आली. टाचणी! अंघोळ केलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. न थांबता कोरड्या बुटांनी खडकावरून टकटक करत माझ्यापर्यंत आला.

"इथे काय करतोयस रे?"

"तू आत्ता?" मी कुजबुजलो.

"जागच आली नाही, यार. कोणाला सांगू नकोस."

पण साहेब काठावरून टाळ्या वाजवत होते! "याला म्हणतात अभ्यास! नेमका ओहोटीच्या ठोक्याला आला. आणि आम्ही बसलो उपाशी!"

उपाशी! मी तोंड उघडलं. मग आठवलं, खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. तोंड मिटलं. खुर्ची तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत, टाचणीच्या बुडाखाली गेली. उरलेली फेरी मी एका बुटावर पूर्ण केली.

सोमवारी नव्या प्रमुखानं पहिली मीटिंग लावली. दहाला. मी आपला नऊलाच जाऊन बसलो. साहेब अकराला आले. टाचणी बाराला, डोळे चोळत.

साहेब त्याच्याकडे कौतुकानं बघत मला म्हणाले, "शिका जरा! ओहोटी लागल्याशिवाय हा माणूस पाऊल टाकत नाही!"