सासूबाईंनी धुतलेली तेलविहीर

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या एकालाही वाटलेली नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. सहज पटणारी गोष्ट काय, कुणीही सांगतं.

तर भूवैज्ञानिक दुपारी जेवायला घरी आला, तेव्हा त्याच्या सासूबाई गॅलरीत तेलविहीर वाळत घालत होत्या.

अख्खी विहीर नव्हे, तिच्या पोटातला माल. तेलासाठी विहीर खणताना खालच्या खडकातून दगडाची गोल दांडकी कापून वर काढतात. हातभर लांब आणि मनगटाएवढी जाड. त्यांना कोअर म्हणतात. पाच जुन्या विहिरींचे कोअर भूवैज्ञानिकाने पेट्यांत भरून घरी आणले होते, कारण ऑफिसातल्या त्याच्या टेबलाला तीनच पाय उरले होते. प्रत्येक दांडक्यावर मार्करने विहिरीचा नंबर आणि खोली लिहिलेली होती, आणि बहुतेकांवर तेलाचे डाग होते. त्या डागांवरून त्याला कळणार होतं, की खाली कुठल्या थरात तेल अजून अडकून बसलंय, कुठे पाणी घुसलंय, आणि कुठला थर नुसताच ठोंब्यासारखा मधे आडवा पडलाय.

हे कळणं फार गरजेचं होतं. तो काम करायचा ते तेलक्षेत्र म्हातारं झालं होतं. बादलीभर उपसलं तर त्यात वाटीभर तेल, बाकी सगळं पाणी. कंपनी शेवटची एक नवी विहीर द्यायला कशीबशी तयार झाली होती. ती लागली तर ठीक. कोरडी निघाली तर क्षेत्राला टाळं, कामगारांना घरचा रस्ता, आणि वसाहतीतली सगळी घरं रिकामी. त्यातही भूवैज्ञानिकाचं सर्वांत आधी, कारण विहिरीची जागा दाखवणारा तोच.

"आई, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? धुतले." सासूबाईंनी एक दांडकं उन्हाकडे फिरवलं. "काय ते दगड, जावईबापू. हात लावावा तर हात काळा. तुमच्या ऑफिसात कुणी फडकं मारत नाही वाटतं."

"आई, त्या कळकटपणाचाच मला पगार मिळतो."

"मग तसं सांगून ठेवायचं. मला वाटलं, तुम्हाला वेळ होत नसेल."

"आणि वर आकडे लिहिले होते ते?"

"ते मेले निघता निघेनात. तारेची घासणी घेतली, तेव्हा कुठे गेले."

इतक्यात बायको बाहेर आली आणि कौतुकाने पाहू लागली. "आईनं रंगाप्रमाणे लावलेत बघा. काळे खाली, गोरे वर. छान दिसतात की नाही?"

"छान दिसतात," भूवैज्ञानिक म्हणाला. "पण पृथ्वी लावताना आईंना कुणी विचारलं नव्हतं ना."

आता त्याच्याकडे उरली होती फक्त जीभ. भूवैज्ञानिक दगड चाटतात. हे मात्र खरं आहे, वाटलं तर एखाद्याला विचारून या. बारीक छिद्रं असलेला दगड जिभेला चिकटतो, ठोस दगड चिकटत नाही. एवढं कळलं तरी थर थोडेफार जुळवता येतील, अशा आशेने त्याने गॅलरीत बैठक मारली आणि पहिला दगड चाटला. तो लिंबाचा लागला. दुसराही लिंबाचा. सासूबाईंनी साबणात काटकसर केली नव्हती आणि दगडांनी साबण पोटभर पिऊन घेतला होता. दहाव्या दगडाला भूवैज्ञानिकाच्या तोंडातला फेस हनुवटीपर्यंत आला, आणि नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजली.

दारात क्षेत्राचे मोठे साहेब. काम कुठवर आलं ते बघायला आले होते. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, असं त्यांनी उभ्या जन्मात कबूल केलेलं नव्हतं. फेसाळलेल्या भूवैज्ञानिकाकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि मान डोलावली.

"जिभेची पद्धत का? आमच्या वेळेला सगळं असंच असायचं. द्या इकडे एक."

त्यांनी त्यातल्या त्यात जाडजूड दांडकं निवडलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटलं.

"साहेब, बरं वाटतंय ना?" बायकोने काळजीने विचारलं.

"सच्छिद्र आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या तोंडातून पहिला फुगा निघाला.

साबण उत्तम प्रतीचा असावा, कारण पुढचा फुगा टोपलीएवढा आला. तो येताना साहेब म्हणत होते, "नवी विहीर मंजूर करायची की नाही ते मी उद्या सांगतो." त्यातलं "नवी विहीर मंजूर" एवढंच त्या फुग्यात मावलं. उरलेलं वाक्य मागच्या छोट्या फुग्यात आलं. छोटा फुगा कपड्यांच्या चिमट्यावर आपटून तिथेच फुटला. मोठा मात्र गॅलरीतून बाहेर पडला, वाऱ्याला लागला, वसाहतीच्या छपरांवरून, गावावरून, नदीवरून तरंगत थेट मुख्य कार्यालयात गेला, उघड्या खिडकीतून आत शिरला आणि संचालकांच्या चहाच्या कपावर येऊन फुटला. संचालकांना साहेबांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. जरा लिंबाचा वास होता, एवढंच.

संचालक कामाला वाघ. चार वाजता खणायचं यंत्र, त्याचा मनोरा आणि पाच ट्रक वसाहतीच्या फाटकात उभे. मनोरा आत येईना म्हणून फाटक उपटून बाजूला ठेवण्यात आलं.

"बोट दाखवा साहेब," यंत्र चालवणारा ड्रिलर खाली धावत आलेल्या भूवैज्ञानिकाला म्हणाला. "तुम्ही बोट दाखवाल तिथं भोक. फक्त लवकर दाखवा, मला संध्याकाळी सासुरवाडीला जायचंय."

"अहो, पण अभ्यास पुरा झालेला नाही."

"काय सांगता. दगड तर कसे चकाचक दिसतायत."

भूवैज्ञानिकाने मोठ्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. आणखी एखादा फुगा सुटला आणि आणखी काही मंजूर झालं, तर निस्तरणार कोण? फाटकापाशी कामगार गोळा झाले होते. सगळे त्याच्या बोटाकडे पाहत होते.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "मी सामान बांधायला घेऊ का?"

"थांब जरा."

तो धावत गॅलरीत गेला. त्याने एकेक दांडकं उचलून उलटंपालटं करून पाहायला सुरुवात केली, आणि अगदी शेवटच्या दांडक्याच्या खालच्या अंगाला त्याला दिसला एक डाग. नखाएवढा, काळा, तेलकट. सासूबाईंच्या नजरेतून सुटलेला. त्याला लागून लिहिलेला मार्करचा आकडाही घासणीतून वाचला होता. विहीर तिसरी, थर सर्वांत खालचा. भूवैज्ञानिकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या दगडाने सासूबाईंच्या घासणीला तेल दिलं नाही, तो पाण्याला काय देणार? म्हणजे इतकी वर्षं पाणी त्या थराला वळसा घालून वर येत होतं, आणि तेल तिसऱ्या आणि चौथ्या विहिरीच्या मधे जागच्या जागी बसून होतं.

त्याने खाली येऊन बोट दाखवलं. ड्रिलरने भोक पाडलं. तेल असं उसळलं, की मनोऱ्यावर बसलेले कावळे ढगापर्यंत गेले आणि तिथून चालत खाली आले. क्षेत्र वाचलं, नोकऱ्या वाचल्या, घरं वाचली, ड्रिलर वेळेत सासुरवाडीला पोचला. आणि हे सगळं कशामुळे? सासूबाईंच्या हातून एक डाग राहून गेला म्हणून.

"खोटं."

मी गोष्ट सांगत होतो तिथे दाराशी खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेल्या एक आजी हे म्हणाल्या. जावयाचे दगड धुणाऱ्या सासूबाई त्या ह्याच. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती.

"कुठलं खोटं, आजी? फुग्याचं ना?" ऐकणाऱ्यांपैकी एकाने विचारलं.

"फुग्याचं नाही. फुगा मी डोळ्यांनी पाहिला, टोपलीपेक्षा मोठाच होता." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "कावळेही चालत आले, पायऱ्या मीच पुसल्या मागनं. पण डाग? माझ्या हातून? अहो, एका दगडावर टिपूस राहिला नव्हता."

"मग जावयाला जागा कळली कशी?"

"कळली कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "डोळे मिटले, गरगर फिरले, आणि तोल गेला तिकडे बोट केलं. मी समोर उभी होते."